दारूच्या घड्याला शेंदूर

मैत्रिणींनो, लिहायलाही लाज वाटतेय, पण कुणाला तरी सांगायलाच हवं.

माझी लेक चित्रकला शिकते. जुन्या ग्रीक घड्यांवर असतात तशी चित्रं तिने एका मातीच्या घड्यावर काढली होती, सोमवारी परीक्षेला द्यायला. द्राक्षांच्या टोपलीत नाचणारे शेपटीवाले पाहून मला वाटलं, ही मधुवनातली वानरसेनाच! त्यात आज शनिवार. मारुतीला वाहून उरलेला तेल-शेंदूर वाया कशाला घालवा, म्हणून मी हात जोडून घड्यालाच लावला.

दुपारी लेक मैत्रिणीला घेऊन आली आणि किंचाळलीच. "आई, वानरं नाहीत गं ही! ग्रीकांच्या दारूच्या देवाने माणसाला पहिल्यांदा दारू करायला शिकवलं, त्याची गोष्ट आहे. त्या देवाचे शेपटीवाले सोबती आहेत हे, दारूसाठी द्राक्षं तुडवतायत."

चूक माझी, पण ओरडले मीच. "दारू? माझ्या घरात? शनिवारी दारुड्यांची पूजा करवलीस माझ्याकडून!"

"वांधो नहीं, मासी," म्हणत तिची गुजराती मैत्रीण घडा पुसू लागली. शेंदराबरोबर रंगही निघून आला.

लेक हळूच म्हणाली, "देवाने ज्याला शिकवलं, त्याने ती दारू शेजाऱ्यांना प्रेमाने दिली. डोकं गरगरल्यावर त्यांना वाटलं, विष पाजलं. काही न विचारता मारून टाकलं त्याला."

मग ती पहिल्यापासून चित्र काढायला बसली. मी स्वयंपाकघरात शिरले, ती अजून इथेच आहे.

आमच्याकडे आईने लेकीची माफी मागितलेली मी कधी पाहिली नाही. तुम्ही मागता का गं? सुरुवात कशी करता?