वाल्मीक सरांच्या कॅसेटी

वाल्मीक सर आमच्या कॉलेजात जर्मन शिकवायचे, मी मराठी. मला जर्मनमधलं ओ की ठो कळत नाही. पण स्टाफरूममध्ये आमची टेबलं शेजारी, त्यामुळे त्यांची सगळी कुरकुर माझ्याच कानांवर पडायची.

माणूस दिंडोरीकडचा. भाऊ द्राक्षबागेच्या छाटणी-फवारणीत गुंतलेले आणि हा पठ्ठ्या पुण्याला जाऊन जर्मन शिकून आला. एक्क्याण्णव साली नोकरीला लागल्यापासून त्यांचा एक शिरस्ता होता. तोंडी परीक्षेत सगळ्यांना एकच प्रश्न, 'आईविषयी सांग', आणि उत्तर टेपवर रेकॉर्ड करायचं. गंमत म्हणजे उत्तर ते वर्गात आधीच लिहून द्यायचे. मुलं ते घोकून घडाघडा म्हणायची आणि सरांची छाती फुगायची.

दोन हजारनंतर मुलं बदलली. लिहून दिलेलं पाठ करायला कुणी तयार होईना. तोडकंमोडकं बोलायची, पण मनाचं बोलायची. "भाषेचं वाटोळं झालं," सर म्हणायचे. मला ते पटत नसे, पण त्यांच्यापुढे बोलणार कोण?

२००६ साली प्राचार्यांनी तीन वर्षांचा अभ्यासक्रम बंद करून त्याजागी नुसत्या संभाषणाचा सहा महिन्यांचा वर्ग काढायचं ठरवलं. सरांच्या आयुष्यात त्या अभ्यासक्रमाशिवाय दुसरं होतं काय? बैठकीला ते टेपरेकॉर्डर घेऊन आले. "आत्ताची मुलं ऐका, पूर्वीची ऐका. मग काय ते ठरवा."

आधी त्यांनी त्या वर्षीच्या सृष्टी नावाच्या मुलीची कॅसेट लावली. ती अडखळत, थांबत बोलत होती. सर कपाळाला आठ्या घालून एकेक वाक्य मराठीत सांगू लागले. "आई पिंपळगाव. थंड खोली. द्राक्ष पेटी भरणे. संध्याकाळी हात बर्फ. मी हात धरणे." मग म्हणाले, "एक वाक्य धड नाही. जेमतेम पास केलं मी हिला."

मला शीतगृहात द्राक्षं भरणाऱ्या त्या माउलीचे गारठलेले हात दिसले. डोळ्यांत पाणी आलं. मी खिडकीबाहेर बघत बसले.

मग त्यांनी त्र्याण्णव सालच्या केरूची कॅसेट लावली. विंचूरचा, त्यांचा सर्वांत लाडका विद्यार्थी. आवाज खणखणीत, कुठे अडखळणं नाही. सर अभिमानाने सांगू लागले, "माझी आई घरी आहे. ती रोज सकाळी स्वयंपाक करते. ती नेहमी आनंदी..."

आणि ते थांबले. टेप तसाच चालू राहिला. प्राचार्यांनी हात लांब करून तो बंद केला.

"काय झालं, वाल्मीक सर?"

"ह्याची आई त्याच महिन्यात गेली होती. दहाव्याला मी स्वतः विंचूरला गेलो होतो." सर टेपकडे बघत म्हणाले. "पुढच्या आठवड्यात तो परीक्षेला आला. मी विचारलं, आईविषयी सांग. त्यानं हे सांगितलं. मी नुसत्या चुका शोधत ऐकलं. एकही सापडली नाही, म्हणून पैकीच्या पैकी दिले."

सरांनी टेप आवरला आणि ते म्हणाले, "नवा वर्ग सुरू करा. मी शिकवीन."

त्या रविवारी ते विंचूरला केरूच्या घरी गेले. टेप नेला नव्हता. ओट्यावर बसून त्यांनी तोच प्रश्न विचारला, मराठीत. केरू दिवस मावळेपर्यंत आईविषयी बोलत होता.