फौजदाराचा तपास

आमच्या ऑफिसात सर्व्हर सांभाळणाऱ्याला आम्ही फौजदार म्हणतो. त्याचा स्वतःच्या सावलीवरही भरवसा नाही. सर्व्हरचा आणि आमच्या सगळ्या कॉम्प्युटरांचा मुख्य पासवर्ड त्याच्या एकट्याकडे, साहेबांनाही दिलेला नाही.

सोमवारी माझा डेस्कटॉप उघडेना. पासवर्ड टाकला की स्क्रीन क्षणभर काळा व्हायचा आणि पुन्हा पासवर्डच मागायचा. फौजदार आला तोच माझ्याकडे रोखून बघत.

"ताई, पासवर्ड कुणाला दिलात?"

"कुणाला कशाला देऊ?"

"मग कुणीतरी चोरून पाहिलाय."

त्याने सफाईवाल्या मावशींनाही सोडलं नाही. मावशी फणकारल्या, "फडक्याशिवाय मला काही चालवता येत नाही, दादा!"

मग त्याने चित्रांशिवायच्या, नुसत्या अक्षरांच्या साध्या स्क्रीनवर माझाच पासवर्ड टाकून पाहिला. तिथे तो मुकाट्याने चालला. म्हणजे पासवर्डात खोट नव्हती. फौजदार माझं फोल्डर उकरत बसला. डेस्कटॉप उघडायला लागणारी एक इवलीशी फाइल माझ्या नावावर नव्हतीच, मुख्य पासवर्डाने उघडणाऱ्या खात्याच्या नावावर गेली होती.

"सापडला!" तो ओरडला. "मुख्य पासवर्ड वापरून कुणीतरी इथे शिरलंय. शुक्रवारी, चार वाजून दहा मिनिटांनी!"

शुक्रवारी चार वाजता माझ्या खुर्चीत बसून, मुख्य पासवर्ड टाकून प्रिंटर जोडत होता तो स्वतः फौजदारच. तसं मी त्याला सांगितलं.

फौजदाराने कीबोर्ड पुढे ओढला. फाइल त्याने माझ्या नावावर केली आणि डेस्कटॉप उघडला. मग तिथेच बसून मुख्य पासवर्ड बदलला. बदलताना मला तोंड फिरवायला लावलं.