बिनबशीचा कप

आप्पा गेल्याचा फोन दवाखान्यातून आला, तेव्हा मी दुपारच्या चहाचं आधण ठेवलं होतं. आप्पा म्हणजे माझे सासरे, ठाण्याच्या एका शाळेतले इतिहासाचे मास्तर. मी फोन ठेवला, गॅस बंद केला नाही, चहा केला, प्यायले आणि मग रडले. तेराव्याला शेजारच्या काकू म्हणाल्या, "तू सून नाय गं, लेक होतीस त्यांची." चार बायकांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी आधी स्वतःबद्दलच वाईट बोलणार आहे, म्हणजे त्यांच्याबद्दल बोलायला हरकत राहणार नाही.

आमच्या डोंबिवलीच्या घरात चारचा चहा म्हणजे आप्पांचा तास असायचा. इंग्रजांना चीनचा चहा हवा होता म्हणून त्यांनी चीनला अफूची चटक लावली, पुढे आसामात मळे काढून फसवून मजूर नेले, आणि माल खपेना तेव्हा कंपन्यांची माणसं आपल्या बाजारांत फुकट चहा पाजत हिंडली... "आमच्या आजोबांनी पहिला कप फुकट घेतला आणि सगळं घराणं गुलाम झालं!" असं म्हणत ते कप पुढे करायचे, "अर्धा अजून ओत गं." बोलायचे मात्र सुंदर. माझा नवरा श्रीधर मला आवडला त्याच्या आधी आप्पा आवडले होते, हे श्रीधरलाही माहीत आहे. माझ्या माहेरी, ठाण्यात खोपटला, चहाला इतिहास नव्हता. बाबा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. गाडी सुटायच्या आत चहा संपवायचा, तर तो बशीत ओतायचा, कारण बशीत तो लवकर निवतो. ती सवय त्यांना घरीही सुटली नाही. दोन्ही हातांनी बशी धरून फुर्र करून ओढायचे, की समजायचं स्वारी खुशीत आहे.

लग्नानंतर बाबा पहिल्यांदा आमच्याकडे आले, तेव्हाही तसेच प्यायले. आप्पांनी आपला कप खाली ठेवला आणि हसत म्हणाले, "व्याही, इंग्रजांनी आपल्याला चहा दिला, पण तो प्यायचा कसा हे शिकवायचं राहूनच गेलं बघा." सगळे हसले. बाबा हसले. मीही हसले, आणि ते हसू मला अजून छळतं.

पुढच्या खेपेला मी ट्रे घेऊन निघाले, तर आप्पांनी स्वयंपाकघराच्या दारातच बाबांच्या कपाखालची बशी काढून घेतली. "कान धरून प्यायची सवय होऊ दे त्यांना," म्हणाले. कपाचा कान, अर्थातच. बाबा तो गरम कप गुडघ्यावर धरून बसले, या हातातून त्या हातात करत राहिले. साय धरली तेव्हा एका घोटात गार चहा संपवला आणि म्हणाले, "झकास झालाय गं पोरी." अशी पाच-सहा वर्षं गेली. एकदा मी हट्टाने बशी नेली. आप्पांनी नुसतं पाहिलं आणि मी ती परत घेऊन गेले. शेवटच्या दिवाळीला बाबा म्हणाले, "नको गं, चहा सोडलाय मी." आई मला म्हणाली होती, घरी त्यांचे दिवसाला सहा कप होतात. मार्चमध्ये बाबा गेले.

नंतर काही वर्षांनी आप्पांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, तोंड वाकडं झालं, कप ओठांशी नेला की अर्धा चहा छातीवर. डॉक्टरांनी सांगितलं होतं, निववून थोडा थोडा द्या. एका दुपारी त्यांनी डाव्या हाताने कपाटाकडे बोट केलं. "बशी."

"आप्पा, आपल्याकडे कपातूनच पितात."

त्यांना राग आला. तुटक तुटक, पण मुद्दा न सोडता ते म्हणाले, "इंग्रजसुद्धा... पूर्वी... बशीत ओतूनच प्यायचे. कपांना... कानच नव्हते."

मी तिथेच खाटेवर बसले. "हे तुम्हाला बाबा यायचे तेव्हा माहीत होतं?"

"शिकवायचो की. वर्गात... दरवर्षी."

"मग बाबांना का नाही सांगितलंत?"

त्यांनी खरोखर विचार केला. खोटं बोलणारा माणूस नव्हताच तो. "मजा... गेली असती."

त्या दिवसापासून ते दवाखान्यात जाईपर्यंत, सात महिने, मी त्यांना बशी दिली नाही. औषध वेळेवर दिलं, पाठ पुसली, चादरी बदलल्या, त्याबद्दल काकू म्हणतात ते खरं आहे. चहा मात्र कपात, डावा हात जेमतेम पोचेल असा ठेवायचे आणि साय धरेपर्यंत समोर बसून भाजी निवडायचे. शेवटी शेवटी ते मागेनासे झाले. नुसते कपाटाकडे बघायचे, मग माझ्याकडे, मग कपाकडे... मला दया यायची. मजाही यायची. दोन्ही एकदम येतात, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

श्रीधरला यातलं काही ठाऊक नाही. हे छापून येईल ती रविवारची पुरवणी आमच्याकडे पहिल्यांदा तोच वाचतो. वाचून झाल्यावर तो काय म्हणेल, ते मला माहीत नाही. चार वाजले की माझा हात अजून आप्पांचा कप काढतो आणि ओट्यावर ठेवतो, नुसता. पश्चात्ताप होईल म्हणून मी वाट पाहते आहे. अजून झालेला नाही.