साडूचे डोळे

सुईत दोरा एका फटक्यात ओवणारा माणूस म्हणून मास्तरांचं बाजारात नाव होतं. कोटाचं काज असं करायचे, की गिऱ्हाईक आधी काज बघायचं आणि मग कोट. पण पंचावन्नी गाठली आणि समोरच्या दुकानाची पाटी त्यांना पुसट दिसायला लागली. चष्मेवाल्यानं तपासलं आणि म्हणाला, "मास्तर, उभा जन्म हातभर अंतरावर बघण्यात गेला तुमचा. नंबर बदलून देतो, पण रोज सकाळी अर्धा तास जरा लांबचंही बघत जा."

"लांबचं काय बघू?"

"काहीही बघा हो. झाडं बघा, पाखरं बघा."

मास्तर सांगितलेलं ऐकणारा माणूस. दुसऱ्या दिवशी दुकानाच्या मागच्या खिडकीशी खुर्ची टाकून बसले. शेजारच्या गच्चीवर एक काळापांढरा पक्षी शेपूट खालीवर हलवत तुरुतुरु चालत होता. आठवडाभर तो रोज यायचा. शेवटी न राहवून त्यांनी वाचनालयाच्या बाईंना विचारलं. दर रविवारी सकाळी बाई सात-आठ जणांना घेऊन पक्षी बघायला जातात, हे त्यांना ठाऊक होतं.

"तो धोबी," बाई म्हणाल्या.

"घ्या! शिंप्याला पहिला भेटला तो धोबीच!" मास्तर हसले, आणि त्याच रविवारी बाईंच्या मागोमाग निघाले.

बाईंनी शिकवलं ते त्यांनी मनापासून उचललं. भडक कपडे घालायचे नाहीत. एका जागी गप्प बसायचं. दुर्मीळ पक्ष्यांच्या मागे न लागता आधी चिमणी, साळुंकी, होला नीट ओळखायचे. दिसलं ते तिथल्या तिथे टिपायचं. गिऱ्हाइकांची मापं लिहायच्या वह्या मास्तरांकडे होत्याच. त्यातली एक कोरी काढून तारीख, वेळ, झाड, पक्षी असे रकाने पाडले. दृष्टी यथातथाच असली तरी चिकाटी दांडगी. वर्षभरात एक्केचाळीस पक्षी झाले. बाई नवीन माणसांना सांगायच्या, "नोंद कशी ठेवावी ते मास्तरांकडून शिका." हे ऐकलं की मास्तर इकडेतिकडे बघत दुर्बिणीची काच पुसत बसायचे. आयुष्यात कपडे सोडून कशाबद्दलही त्यांचं कौतुक झालं नव्हतं.

आणि तेवढ्यात साडू निवृत्त झाला.

साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. चौतीस वर्षं बस चालवलेला, धिप्पाड, मोठ्या आवाजाचा, आल्याबरोबर घर भरून टाकणारा. सासरी जावई दोन, पण गोष्टी निघायच्या त्या एकाच्याच. मास्तरांनी सासऱ्यांना शिवून दिलेला कोट सासरे मरेपर्यंत घालायचे, पण कोट घालून सांगायचे मात्र ड्रायव्हर जावयाचे किस्से. आता हा माणूस दोन गल्ल्या सोडून राहायला आला.

"भावोजींना न्या ना रविवारी," बायको म्हणाली. "घरात बसून आंबलेत बिचारे."

"त्यांना नाही जमायचं. गप्प बसावं लागतं तिथं."

"मग बसतील गप्प. तुम्ही सांगून तर बघा."

साडू आला तो लालभडक शर्ट घालून. दुर्बीण नाही, वही नाही, हात मागे बांधलेले. मास्तर मनात म्हणाले, आता बघूच. वीटभट्टीच्या जुन्या तळ्याशी पोचून वीस मिनिटंही झाली नसतील. साडू बाईंना म्हणाला, "तो पिवळा कोण हो? त्या मोठ्या झाडात, मधल्या बेचक्याच्या वर."

"हळद्या!" बाई कुजबुजल्या. सगळ्यांच्या दुर्बिणी वर गेल्या.

हळद्या! वर्षभर मास्तर त्याची शीळ ऐकत होते आणि वर्षभर त्यानं तोंड दाखवलं नव्हतं. त्यांनी दुर्बीण लावली. पानं, पानं, नुसती पानं. चाक फिरवलं, तर पानं आणखी पुसट झाली. तोवर सगळे "गेला, गेला" म्हणाले.

"दिसला ना मास्तर?" बाईंनी विचारलं.

"हो तर," मास्तर म्हणाले. "छान दिसला." आणि वहीत लिहिलं: हळद्या, नर, एक.

त्या दिवसापासून ती वही त्यांना उघडवेना. एकेक काज उसवून पुन्हा करणारा माणूस तो, आणि आता त्या वहीत एक खोटा टाका पडला होता. साडूचं मात्र दर रविवारी नवीन काहीतरी. बाई म्हणायच्या, "डोळे आहेत की दुर्बिणी!" मास्तरांच्या पोटात दुखायचं. घरी बायको विचारायची, "आज भावोजींनी काय दाखवलं?" तुम्ही काय बघितलंत, असं कुणी विचारेना.

मग एका शनिवारी बाईंचा फोन आला. उद्या वाचनालयाच्या फाटकाशी न जमता सरळ तळ्याच्या पलीकडच्या काठावर सहाला जमायचं. "तुमच्या साडूंना तेवढं सांगा हं."

"सांगतो," म्हणाले मास्तर. सांगितलं नाही.

तळ्यावर बाईंनी विचारलं तेव्हा म्हणाले, "बरं नाहीये त्यांना." किती सहज निघालं तोंडातून! त्या दिवशी कुणालाच फारसं काही दिसलं नाही. दोन पाणकोंबड्या आणि एक बगळा. तरी मास्तर शीळ घालत घरी आले.

घरात साडू चहा पीत बसला होता.

"या मास्तर. दीड तास फाटकाशी उभा होतो. माझ्याच ऐकण्यात काहीतरी चुकलं बहुतेक." आणि वर म्हणाला, "पण फुकट नाही गेला वेळ. वाचनालयाच्या भिंतीत साळुंकीनं घरटं केलंय. चोचीत अळ्या घेऊन बावीस वेळा आत गेली."

मास्तरांचा तोल गेला. "ऐकण्यात नाही चुकलं. मी सांगितलंच नाही तुम्हाला. मुद्दाम."

बायकोच्या हातातली किटली तशीच राहिली. साडूनं कप खाली ठेवला.

"का?"

"तुम्हाला दिसतं म्हणून. मी वर्षभर मान मोडून बसलो आणि तुम्ही येऊन पहिल्याच दिवशी... हळद्या मला दिसलाच नव्हता. खोटं लिहिलंय मी."

साडूनं कप दूर सारला. मग म्हणाला, "मला दिसतं, कारण एकदा दिसलं नव्हतं. नोकरीचं सहावं वर्ष. सायकलवरची बाई वळणावर आडवी आली. जिवंत राहिली, पण पाय गेला तिचा. त्यानंतर हे डोळे कधी टेकलेच नाहीत, मास्तर. कुठे काय हललं, तेच शोधत असतात. घरातसुद्धा." तो उठला आणि चपला घालून निघून गेला.

मास्तरांना वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. पण खरं सांगायचं तर त्या वाईट वाटण्याच्या तळाशीही एक खडा टोचत होता: दुःखसुद्धा याचं आपल्यापेक्षा मोठं! स्वतःच्या या विचाराचीच त्यांना शिसारी आली.

बायकोनं फक्त एवढंच म्हटलं, "चार दिवस माझ्याशी बोलू नका." आणि बोलली नाही.

मास्तरांनी वही काढली, हळद्यावर रेघ मारली आणि समोर लिहिलं, 'पाहिला नाही'. बाईंना जाऊन दोन्ही गोष्टी सांगितल्या. बाई म्हणाल्या, "हळद्याचं सोडा हो, असं माझंही झालंय कधीतरी. फाटकाचं मात्र वाईट केलंत."

शनिवारी संध्याकाळी ते साडूच्या दारात उभे राहिले. "उद्या सहाला. तळ्याच्या पलीकडे."

"नक्की?" साडूनं विचारलं.

"मी इथून तुम्हाला घेऊनच जातो."

"बघू," म्हणून साडूनं दार लावलं.

सकाळी मात्र तो पायरीवर बसलेला होता. वाटभर तो दोन पावलं पुढेच चालला. तळ्याकाठी बाकीचे पुढे गेले आणि साडूनं मास्तरांचा दंड धरला. "दुर्बीण खाली. आधी नुसत्या डोळ्यांनी. पानं बघू नका, पानांतलं काय वेगळं वागतंय ते बघा. वठलेल्या खोडाची ढोली. जरा वर."

"लाकूड आहे ते."

"थांबा."

मास्तर थांबले. डोळ्यांत पाणी यायला लागलं. आणि मग त्या लाकडाला मान फुटली. मान वर गेली, खाली आली आणि दोन पिवळे डोळे त्यांच्याकडे रोखून बघायला लागले.

"पिंगळा," मास्तर श्वास रोखून म्हणाले.

"नाव मला कुठलं ठाऊक? ते तुमचं काम."

तेवढ्यात बाई परत आल्या आणि हरखून गेल्या. "अरे वा! कुणाला दिसला आधी?"

साडू तळ्याकडे बघत उभा राहिला, जणू त्याला ऐकूच आलं नव्हतं. मास्तरांच्या जिभेवर 'मला' हा शब्द येऊन बसला होता, आणि तो गिळायला त्यांना भलताच वेळ लागला.

"साडूंना," ते म्हणाले.

बाई साडूचं कौतुक करायला लागल्या. मास्तरांच्या पोटात नेहमीच्या ठिकाणी थोडंसं दुखलं. त्यांनी वही उघडली आणि पेन्सिलीला टोक काढायला घेतलं.