शोभाबाईंची कोरडी गादी

देवळीतल्या त्या गल्लीत कोणाच्या गच्चीवर गादी वाळत पडली आणि शोभाबाईंना दिसली नाही, असं कधी झालं नाही. सकाळी तुळशीला पाणी घालता घालता त्यांची नजर साऱ्या गच्च्यांवरून फिरून यायची. गादीच्या मधोमध ओला नकाशा दिसला रे दिसला, की त्या खालूनच आवाज द्यायच्या, "काऊन व रीता, आजबी मुतला का तुया पोट्टा?" समोरची रीता दोरीवरच्या साडीआड तोंड लपवायची. तिचा मुलगा दप्तर घेऊन मागच्या दारानं शाळेत जायचा.

मग उपाय यायचा. काळे तीळ आणि गुळाचा लाडू, दिवस मावळला की पाणी बंद आणि चारचौघांत पोराला विचारत राहायचं. "लाज वाटली का सवय सुटते," असं शोभाबाईंचं शास्त्र होतं. पुरावा घरचाच होता. मुलगा धीरज लहानपणी रोज गादी भिजवायचा आणि लाडू सुरू केल्यावर आठवड्यात कोरडा ठाक झाला. धीरज आता वर्ध्याला बँकेत जातो, त्याला टक्कल पडू लागलंय, पण ही गोष्ट त्याच्या साखरपुड्यात सांगितली गेली, लग्नात सांगितली गेली आणि त्याच्या मुलीच्या बारशातही पेढ्यांबरोबर वाटली गेली. पाहुणे हसायचे. धीरज पाणी आणायला म्हणून आत जायचा, तो पाहुणे गेल्यावरच बाहेर यायचा.

शोभाबाईंचे यजमान पुंडलिकराव एसटीत कंडक्टर होते. जन्मभर पहाटेची पहिली गाडी केली, त्यामुळे निवृत्त झाल्यावरही उजाडण्याआधी जागे व्हायचे. बोलणं मात्र सगळं "पुढे सरका, पुढे सरका" करण्यात संपून गेलं असावं. शोभाबाईंची झोप याच्या अगदी उलट. "मी झोपली का कानाशी बँड वाजवा, उठत नाई," हे त्या अभिमानानं सांगायच्या.

नात मेघा पहिलीत गेली आणि तीही गादी भिजवू लागली. सून प्रेरणा तिला सेवाग्रामच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी पोरीला तपासलं आणि सांगितलं, काही आजार नाही, वयानुसार जाईल. दिवसा पाणी भरपूर द्या, झोपण्याआधी शू करायला न्या, रागावू नका आणि कोणासमोर विषय काढू नका. शोभाबाई कपाळाला हात लावून बसल्या. "दवाईच नाई देल्ली! मंग कायची डाक्टर ते?" त्यांनी त्याच दिवशी तीळ भाजायला घेतले. थोड्याच दिवसांत मेघाची गादी कोरडी राहू लागली आणि शोभाबाईंनी ही वार्ता स्वतः दारोदार जाऊन पोचवली.

बचत गटाच्या बायकांचा मेळावा तोंडावर होता. तिथं शोभाबाईंनी लाडवांवर बोलावं आणि नातीला उभं करून दाखवावं, असं ठरलं. शोभाबाईंनी नवी पैठणी काढली. आयुष्यात पहिल्यांदा माईक हाती येणार होता, हे काही थोडं नव्हतं.

नेमकं त्याच आठवड्यात पुंडलिकरावांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि तपासणीला सोपं जावं म्हणून ते वर्ध्याला बहिणीकडे राहिले. ते गेले आणि मेघाची गादी भिजली. शोभाबाईंनी लाडू वाढवले. गादी पुन्हा भिजली. लाडू आणखी वाढले आणि पोरीचं पोट बिघडलं.

"आई, गादी गच्चीवर टाकू का?" प्रेरणानं विचारलं.

"खबरदार!" शोभाबाई ओरडल्या. साऱ्या गावाच्या गाद्या मोजणाऱ्या बाईनं स्वतःच्या घरची गादी मधल्या खोलीत, पडदे ओढून, उदबत्ती लावून वाळत घातली. प्रेरणानं पंखा जोरात केला.

मेळाव्यात मेघाला झालरीचा फ्रॉक घालून मंचावर उभं केलं. एवढ्याशा पोरीला तिच्या अंथरुणाची हकिगत सांगायला बायकांपुढे उभं करताना कोणालाच वावगं वाटलं नाही, कारण लाडू चविष्ट होते. पोरीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"सांग बेटा, कशानं बरं वाटलं तुले?" शोभाबाईंनी माईक तिच्या तोंडाशी धरला. उत्तर घरी घोकून घेतलं होतं.

मेघानं खाली पाहिलं आणि खरं ते सांगून टाकलं. "लाडू तं मी मोत्या कुत्र्याले देतो. मले आबा उठवते. 'चला, देवळी आली, उतरा' म्हणते. मंग मी उतरतो आन् जाऊन येतो. आता आबा नाई, तं रोज ओली होते. आजी पंख्याखाली वाळवते."

हसण्यानं समाजमंदिराचे पत्रे हलले. रीता पोट धरून म्हणाली, "मावशी, लाडू राहू द्या! काकाजीलेच पाठवजा आमच्या घरी!"

शोभाबाई घरी आल्या तेव्हा पुंडलिकराव परत येऊन काळा चष्मा लावून ओसरीवर बसले होते.

"धीरजलेबी तुमीच उठवत होते?"

"ड्यूटीवर जाच्या आंधी. भिजला असला तं कपडे बदलून गादी उलटून ठेवत होतो."

"मले काऊन नाई सांगतलं?"

पुंडलिकरावांनी चष्मा त्यांच्याकडे वळवला. "न सांगता तू अर्ध्या तालुक्यात बोभाटा करून आलती. सांगतलं असतं तं पोराचं काय ठेवलं असतं तू?"

शोभाबाईंना आधी राग आला. मग पाहुण्यांसमोरून उठून पाणी आणायला जाणारा धीरज आठवला, आणि पाणी कोणी मागितलेलंच नसायचं, हेही आठवलं. त्यांना फार वाईट वाटलं.

डॉक्टरांनी पुंडलिकरावांना वाकायची मनाई केली होती. तेव्हा पोरीला उठवायचं काम शोभाबाईंनी स्वतःकडे घेतलं. मेघानं बजावलं, "पण हळू उठवजो आजी. गल्ली नाई उठली पाह्यजे." शोभाबाईंनी मोबाईलचा गजर लावून उशाशी ठेवला. पहाटे गजर झाला. धीरज उठला, प्रेरणा उठली, मोत्या भुंकला. शोभाबाई तेवढ्या घोरत होत्या, आणि बाकीचे मेघापर्यंत पोचेतो उशीर झाला होता.

सकाळी त्यांनी गादी स्वतः उचलली आणि गच्चीवर नेऊन उन्हात टाकली. मेघा जिन्यात उभी होती. समोरच्या गच्चीवर रीता तयारच होती. "काऊन व मावशी, आजबी मुतली का तुमची नात?"

मेघाचे कान लाल होऊ लागले. शोभाबाईंनी गादीवर हात फिरवला.

"नातीचं नाव घेऊ नोको," त्या म्हणाल्या. "मीच भिजवली. तुले काय करा लागते?"