दर्शन घेऊन राहिली

गेल्या हिवाळ्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी आईसमोरच सांगितलं, गेलेली नजर आता परत येणार नाही, आणि उरलेली किती दिवस टिकेल तेही सांगता येत नाही. काचबिंदू होता. कडेकडेनं अंधारून आलं होतं आणि मध्ये दिसायला एक लहानसा गोल तेवढा उरला होता. उन्हातून सावलीत आलं की तोही बराच वेळ धुरकट व्हायचा. मी डोळ्यांतलं पाणी परतवत एकामागून एक प्रश्न विचारत होते. रिक्षात बसल्यावर आईनं माझा हात धरला आणि म्हणाली, "मले एकदा कोराडीले घेऊन चाल. मायचं तोंड पाहून घेऊ दे. मंग डोळे राहो का जावो."

माय म्हणजे नागपूरजवळच्या कोराडीची जगदंबा. आईचा सगळा संसार नागपुरात झाला. बाबा हिंगण्याच्या कारखान्यात होते आणि घरात काहीही चांगलं-वाईट झालं की आई आधी कोराडीला जाऊन यायची, मग नातेवाइकांना कळवायची. बाबा गेल्यावर मी तिला पुण्याला माझ्याकडे आणलं. मी स्वतः काही फार देवभोळी नाही. हात जोडते, पण जोडलेल्या हातावरच्या घड्याळाकडेही लक्ष असतं. आणि खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला त्या देवीचा रागच आला होता. जिनं उभा जन्म तुझं नाव घेतलं, तिचेच डोळे तुला सापडले का, असं मनात यायचं. तरी आईचा शब्द मोडणं शक्य नव्हतं.

घरातल्या सगळ्या सहली मीच आखते, आणि त्यावरून माझी भरपूर थट्टाही होते. ही सहल तर मी जिवाचं रान करून आखली. आईचे गुडघे गेलेले, छातीचं दुखणं जुनं, म्हणून चालणं जवळजवळ नाहीच असं सगळं बसवलं. सीताबर्डीत लिफ्टचं हॉटेल, दारापासून दारापर्यंत गाडी, दिवसभरासाठी एकच ड्रायव्हर. सकाळी कोराडी, मग टेकडीचा गणपती, दुपारी विश्रांती, नंतर तेलंगखेडीचा मारुती आणि संध्याकाळी फुटाळ्याच्या तलावावर गाडीतच बसून हवा खाणं. कुठलं दार जवळ, कुठे पायऱ्या कमी, सगळं फोन करकरून विचारून ठेवलं. माझे यजमान म्हणाले, "पंतप्रधानांच्या दौऱ्यालासुद्धा एवढी तयारी नसते." मी म्हटलं, पंतप्रधानांचे गुडघे शाबूत असतात.

कोराडीला पोचलो तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. वीजकेंद्राच्या चिमण्या दिसायला लागल्या तशी मी म्हणाले, "आई, आलंच बघ," आणि तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. सगळं माझ्या आखणीप्रमाणे झालं. म्हाताऱ्या माणसांना लवकर पुढे सोडत होते, लोकांनी समजून वाट दिली, आणि पाहता पाहता आम्ही देवीसमोर उभ्या होतो. मी ओटी पुढे केली, आईचं डोकं टेकवलं. मागून पुढे चला, पुढे चला झालं आणि गर्दीनंच आम्हाला बाहेर आणून सोडलं. मनात आलं, किती सहज झालं.

आई बाहेरच्या ओट्याशी थांबली. "झालं का?" तिनं विचारलं.

"झालं ना, आई. किती छान दर्शन झालं."

"मले नाही दिसली वं," ती म्हणाली. "नुसतं लाल लाल दिसलं."

ती हे अगदी साधेपणानं म्हणाली. भर उन्हातून आत गेलेले ते डोळे. त्यांना सवय व्हायच्या आतच आम्ही बाहेर पडलो होतो. एवढ्या लांबून जे बघायला आणलं तेच राहून गेलं, आणि ते राहिलं माझ्या घाईपायी. पण माणूस कसं असतं बघा, त्या क्षणीही मी काय बोलले, तर "असू दे आई, आता गणपतीला नीट बघ." आई ओट्यावर बसली. काठी मांडीवर आडवी घेतली आणि म्हणाली, "मी नाही येत कुठं."

मी समजावलं, रागावले, पुन्हा समजावलं. ती हलेना. शेवटी तिला तिथेच बसायला सांगून मी ड्रायव्हरला थोडं थांबायला सांगायला गेले. त्याचा फोन लागत नव्हता आणि गाड्या उभ्या करायची जागा लांब होती. वाटभर माझं देवीशी भांडण चाललं होतं. तुला एक चेहरा दाखवायला काय जात होतं, असं मी तिला मनातल्या मनात पुन्हा पुन्हा विचारत होते.

परत आले तर ओटा रिकामा. आई नाही, काठी नाही. जिला पायरीची कड दिसत नाही अशी बाई त्या गर्दीत एकटी कुठे गेली असेल? प्रसादाच्या दुकानांपर्यंत धावत जाऊन आले. आईच्या फोनची घंटा वाजत होती आणि ती उचलत नव्हती. पुन्हा लावला, तेव्हा कुठे उचलला.

"आई, कुठे आहेस तू?"

"अवं, काहून वरडून राहिली? इथंच हाओ मी. मायचं दर्शन घेऊन राहिली." आणि फोन ठेवून दिला.

आमच्याकडे असंच बोलतात. घेऊन राहिली म्हणजे घेते आहे, एवढंच. माझ्या यजमानांना लग्नानंतर याची फार गंमत वाटायची. मी फोनवर माहेरी "जेवण करून राहिली" म्हटलं की ते विचारायचे, "जेवलीस ते कळलं, पण राहिलीस कुठे?" चिडवून चिडवून त्यांनी माझं ते बोलणं सोडवलं. पुण्यात इतकी वर्षं काढल्यावर त्या दिवशी ते वाक्य मी जणू पहिल्यांदाच ऐकलं. दर्शन घेऊन राहिली. मी तर घेऊन निघाले होते. मी तिथेच उभी राहिले आणि मला रडू आलं.

आई सभामंडपात सापडली. एका खांबाला टेकून बसली होती. शेजारी तिच्याच वयाच्या एक बाई, जांभळा स्वेटर घातलेल्या, मांडीवर कापूस घेऊन वाती वळत होत्या. मला धापा टाकताना पाहून त्या म्हणाल्या, "तुमची माय ना ह्या? ओट्यावर रडून राहिल्या होत्या, म्हून हात धरून घेऊन आली. बसा. लाइनीत कोणाले दिसते का माय? तिच्यापाशी बसा लागते."

मग आईकडे वळून म्हणाल्या, "सकाळी माय पोरगी असते, दुपारी बाई, अन् संध्याकाळी म्हातारी होते. बसल्या तर म्हातारी भेटन तुमाले. आपल्या वयाची." देवी दिवसातून तीन रूपं घेते ही श्रद्धा मी लहानपणापासून ऐकत आले होते. आई हसली. बाबा गेल्यापासून ती अशी हसलेली मी पाहिली नव्हती.

मी बसले खरी, पण मन गणपतीकडे, मारुतीकडे, फुटाळ्याकडे धावत होतं. फोन काढत होते, ठेवत होते. शेवटी ड्रायव्हरला लावला आणि संध्याकाळी यायला सांगितलं. दिवसाची सगळी आखणी एका वाक्यात मोडली. आता काहीच ठरलेलं नाही, या विचारानं आधी भीती वाटली आणि मग हळूहळू खांदे सैल झाले.

दुपारभर त्या दोघी बोलत होत्या. त्या बाई कामठीच्या होत्या, जमेल तेव्हा ऑटोनं यायच्या. सांबारवडीत, म्हणजे कोथिंबीरवडीत, खसखस घालावी का, सुनेला सकाळी उठवावं का, असलं काय काय चाललं होतं. पुण्यात आई गप्प झाली होती, आणि मला वाटायचं ती डोळ्यांमुळे. तिच्या बोलीत तिच्याशी बोलणारं तिथे कुणी उरलं नव्हतं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. बाईंनी तिच्या हातात कापूस दिला, आणि न बघता तिची बोटं वाती वळायला लागली. मी खांबाला डोकं टेकलं आणि चक्क झोपले. कित्येक आठवड्यांनी अशी झोप लागली.

मध्ये मध्ये मी विचारायची, "दिसते का गं?" आई म्हणायची, "लालच दिसते अजून." मी देवीला म्हटलं, डोळे नको देऊस, एकदा दिस फक्त. काही वेळानं तेही मागणं संपलं. दिसलीस तर तुझी इच्छा, नाही दिसलीस तरी ही तुझ्यापाशीच बसली आहे, एवढंच मनात उरलं.

आरतीची तयारी सुरू झाली तेव्हा त्या बाई उठल्या. वळलेल्या वाती त्यांनी पुजाऱ्याकडे दिल्या आणि परत येऊन आईला खांबापासून थोडं पुढे, स्वतःच्या जागेवर सरकवलं. "इथून मधात कोणी येत नाही," म्हणाल्या. मी नाव विचारलं, पण तेवढ्यात नगारा सुरू झाला. त्यांनी काहीतरी सांगितलं, ते ऐकू आलं नाही. मी आईचा पदर सावरून मागे पाहिलं तर त्या गर्दीत मिसळल्या होत्या.

आरतीचा दिवा देवीच्या चेहऱ्याजवळ वर गेला आणि आईनं माझं मनगट घट्ट धरलं. इतकं घट्ट की बांगडी रुतली. घंटा, टाळ्या, सगळं थांबलं तरी तिनं हात सोडला नाही. मला विचारायचा धीर होईना. मग तीच बोलली, अगदी हळू, झोपलेल्या मुलाजवळ बोलावं तसं.

"थकली वं माय. सकाळपासून लोकायले भेटून राहिली. डोळे पाह्य ना कसे झाले तिचे. चाल, उठ आता. तिले निजू दे."

तिला खरंच काय दिसलं, हे मी कधी विचारलं नाही. दिवसभर सावलीत बसून डोळे निवले असतील, दिव्याचा उजेड नेमका पडला असेल. डॉक्टरांना विचारलं तर ते कारण सांगतील. मला त्याची गरज वाटली नाही. त्या कामठीच्या बाई कोण होत्या, त्याच ओट्याशी त्याच वेळी कशा आल्या, याचाही शोध मी घेतला नाही. मनोमन त्यांना नमस्कार करते. जगदंबेनं नजर परत दिली नाही. जे देणं तिच्या मनात होतं ते तिनं दिलं, आणि ते घ्यायला मला खाली बसवलं, याबद्दल मी तिची ऋणी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलात मी बॅगा भरत होते. गाडीची वेळ होत आली होती. खिडकीतून कोवळं ऊन पलंगावर आलं होतं, आणि आई त्यात बसली होती. तिनं मला जवळ बोलावलं, माझी हनुवटी धरली आणि तिच्या त्या लहानशा गोलात माझा चेहरा येईपर्यंत तो इकडेतिकडे केला.

"मायले पाहून झालं," ती म्हणाली. "आता तुयं तोंड पाहू दे. हलू नको."

हातातली साडी मी खाली ठेवली आणि बसले.