गोठलेल्या मातीवर भरलेला पाया

जर्मनीत कायझर्सलाउटर्नजवळ एका गोदामाचा पाया भरायचा होता. मी साइटवर ज्युनिअर इंजिनिअर. मी लातूरची, काँक्रीट उन्हानं तडकू नये म्हणून त्यावर ओली पोती टाकायची, एवढंच मला माहीत. काँक्रीटला थंडीपासूनही जपावं लागतं, हे मला आमच्या पोलियरनं शिकवलं. पोलियर म्हणजे साइटचा मुकादम. साठी ओलांडलेला, कमी बोलणारा माणूस. निवृत्तीला त्याचं एकच वर्ष उरलं होतं.

त्या सकाळी तो चरात उतरला आणि त्यानं मातीवर पहार मारली. दगडावर मारावी तसा आवाज आला.

"आज नको," तो म्हणाला. "माती गोठलीय. मोजून बघा."

मी मोजलं. तापमान उणे एक डिग्री. कंपनीच्या ऑफिसात बसणाऱ्या आमच्या साहेबांना फोन केला, तर ते म्हणाले, "काँक्रीटच्या गाड्या प्लांटवरून निघाल्यात. नीट मोज पुन्हा."

चराचा एक कोपरा आमच्या ऑफिसच्या कंटेनरला अगदी लागून होता. आतल्या हीटरची ऊब तिथल्या मातीला लागायची. मी तिथं मोजलं. अधिक दोन. कागदावर तेवढंच लिहिलं आणि सही केली.

"दोन आहे," मी पोलियरला सांगितलं.

त्यानं एकदा कंटेनरकडे पाहिलं. मग म्हणाला, "मग भरू."

भरून झाल्यावर त्यानं स्वतः वाकून सगळीकडे थंडी अडवणाऱ्या जाड मॅट अंथरल्या, कडा फळ्यांनी दाबल्या.

चार दिवसांनी मॅट उचलून साच्याच्या फळ्या काढल्या. वरचा भाग ठीक होता. खालच्या बाजूला, गोठलेल्या मातीला लागून, पोलियरनं खिळा टोचला, तर तो ओल्या वाळूत जावा तसा आत गेला. साहेब आले, बघून लाल झाले.

"मॅट नीट घातल्या नाहीत तुम्ही," ते पोलियरला म्हणाले.

"मी स्वतः घातल्यात."

"आल्झो, बरं, मग हे झालं कसं?"

पोलियरनं माझ्याकडे पाहिलं. मी बुटांना लागलेल्या चिखलाकडे बघत राहिले.

पाया फोडायला दोन आठवडे गेले. त्याचं काम नसताना पोलियरनं ब्रेकर हातात घेतला. गुडघ्यापर्यंत गारठलेल्या चिखलात उभा राहून तो स्वतः भरलेलं काँक्रीट फोडत होता. तिसऱ्या दिवशी मला राहवलं नाही. जेवणाच्या सुट्टीत मी कंटेनरमध्ये त्याच्यासमोर जाऊन बसले.

"मी कंटेनरजवळच्या कोपऱ्यात मोजलं होतं."

"गेनाऊ, बरोबर," तो म्हणाला. "दोन डिग्री निघेल असा तो एकच कोपरा होता."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"सही तुमची होती. बोलायचं तुम्ही होतं." त्यानं पावाचा तुकडा मोडला आणि खिडकीकडे तोंड केलं.

त्याच दुपारी मी साहेबांना खरं काय ते लिहून कळवलं. त्यांचा फोन आला. "आता सांगून काय उपयोग? त्याची बदली झालीय." फोडणं संपलं की पोलियरला कंपनीच्या यार्डात, सामान मोजायला बसवणार होते.

फोडणं संपलं त्या शुक्रवारी तो सगळ्यांना भेटला. हातमोजा काढून एकेकाचा हात हातात घेतला. माझ्यापाशी आला तेव्हा हातमोजा त्यानं पुन्हा चढवला होता. मान हलवून तो गाडीकडे गेला. मी काही बोलणार होते, पण तोवर त्यानं दार लावून घेतलं.